नऊ वाजताची बाटली

मे महिन्यातला शनिवार. तलावपाळीजवळच्या आमच्या ऑफिसात मी एकटीच होते. हिमालयातल्या एका जलविद्युत प्रकल्पावरून फोन आला: रात्री वरच्या अंगाला दरड कोसळून नदी अडली आहे, मागे पाणी साचतंय, खाली दोन गावं आहेत. किती वेळ आहे?

गणित शाळेतलं. तळ्यात अजून किती मावेल, भागिले नदी किती आणते. दरडीने झालेल्या बांधाची उंची त्यांनी सांगितली, बाकी फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून टिपलेला 30 मीटरचा उंचीनकाशा. अरुंद घळीत तो अंदाजपंचेच, पण दुसरा नव्हता. 65 लाख घनमीटर निघाले. येणारं पाणी सेकंदाला 15 घनमीटर, म्हणजे दिवसाला तेरा लाखांच्या आसपास. पाच दिवस. मेल लिहायलाही घेतली.

तेवढ्यात साइटवरच्या संगमनेरच्या पोराचा फोन. ‘ताई, उंची मधोमध मोजलीये बरं का. डाव्या काठाला बांध दहा-बारा मीटर खाली आहे.’

पाणी उतू जाणार ते सगळ्यात खालच्या जागेवरून. पुन्हा मांडलं: 26 लाख. दोन दिवस. एसी चालू असून घाम फुटला.

सरांना फोन केला. त्यांनी आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, ‘पायथ्याशी झिरपतंय ना? रंग कसा?’ स्वच्छ असेल तर दगडांच्या फटींतून येतंय. गढूळ असेल तर बांध आतून पोखरतोय, मग दोन दिवसांचा भरवसा धरू नकोस. मग अर्थातच गोहना आलं, सरांचं आवडतं. सप्टेंबर 1893 मध्ये गढवालात बिरही गंगा अशीच अडली. इंजिनियरांनी पुढच्या ऑगस्टचा अंदाज बांधला, इशारा देता यावा म्हणून खाली हरिद्वारपर्यंत तारायंत्राची लाइन टाकली. 25 ऑगस्ट 1894 च्या रात्री बांध फुटला, गढवालातलंच श्रीनगर गाव वाहून गेलं. माणसं आधीच हलवली होती. गेले ते पाच: एक फकीर आणि त्याचं कुटुंब, हलवल्यावर परत गेलेले.

पोराला सांगितलं, तासातासाला पायथ्याचं पाणी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भर, मागे टॉर्च धर, फोटो पाठव. नेटवर्कसाठी त्याला दर वेळी वीस मिनिटं चढून यावं लागे. पाच, सहा, सात, आठ: चार बाटल्या, काचेसारख्या.

नऊची आली ती कटिंग चहाच्या रंगाची.

मी सरांनाही विचारलं नाही. प्रकल्पाला कळवलं, त्यांनी प्रशासनाला. रात्री अकरापर्यंत दोन्ही गावं वर शाळेत. मग पोराचा फोन, आवाज पडलेला. ‘ताई, वर पाऊस झाला. मी भरलं तिथे बाजूचा नाला मिळतो. वीस पावलं वर जाऊन भरलं, स्वच्छ आहे.’ त्याला झापावंसं वाटलं. पण नमुना नेमका कुठून घ्यायचा, हे मीच सांगितलं नव्हतं.

गावकऱ्यांना परत पाठवू नका, एवढं मात्र मी बजावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी डाव्या काठावरून उतू गेलं. तिथे घरांएवढे दगड होते, ते टिकले. पाण्याने हळूहळू खाच पाडली, तळं निम्म्यावर उतरलं. दोन दिवस म्हणाला होतात, तिसरा का लागला, असं प्रकल्पाच्या कचेरीने लेखी विचारलं. झिरप वजा केली नव्हती, असं लेखी कळवलं.

पोराने नंतर साइट ऑफिसच्या खिडकीतल्या बाटल्यांचा फोटो पाठवला. प्रत्येकीवर चिकटपट्टी, वेळ लिहिलेली. नऊच्या बाटलीत गाळ तळाशी बसला होता. पट्टीवर त्याने लिहिलं होतं: 9.00, नाला.