स्कीडन्स १८७८ : खांबांचा नकाशा, नोंद चौथी

फोटोचा तिरपेपणा एकदाचा काढून झाला, असं मागच्या नोंदीत मी फुशारकीने लिहिलं होतं. तो शब्द मागे घेतो. त्यावर घालवलेल्या तीनही संध्याकाळी वाया गेल्या, आणि दोष डॉसनच्या कॅमेऱ्याचा नव्हताच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हायडा ग्वाय ही बेटं आहेत. २०१० पर्यंत नकाशावर त्यांचं नाव क्वीन शार्लट असं होतं. त्यांतल्या लुईस बेटाच्या पूर्व टोकाला स्कीडन्स गाव होतं. हायडा लोक त्याला कूना लनागाय म्हणतात. कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा जॉर्ज मर्सर डॉसन जुलै १८७८ मध्ये तिथे उतरला आणि त्याने गावाचे फोटो घेतले. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली फळ्यांची घरं आणि त्यांच्यापुढे रेड सीडरच्या कोरीव खांबांचं रान. कुठला खांब कुठल्या घरापुढे होता, एवढाच नकाशा मला करायचाय. अभ्यासकांनी हे काम पूर्वीच केलंय आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं असणार. पण शब्दकोडं सोडवताना मागच्या पानावरचं उत्तर आधी बघत नाहीत, म्हणून मी ते अजून उघडलेलं नाही.

आता तिरपेपणाबद्दल. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींजवळ येतात. इथे काही खांब वर जाताना रुंद होत होते, उलटंच. मी समजलो की कॅमेरा खाली झुकला असेल. सॉफ्टवेअरमध्ये ओढूनताणून ते खांब सरळ केले, तर मागच्या घरांचे कोपरे आत झुकले. घरं सरळ केली की खांब पुन्हा फुगायचे. तिसऱ्या संध्याकाळी डोक्यात उजेड पडला. मृतांसाठी उभारलेले हायडा खांब उलटे पुरतात. बुंध्याकडची जाड बाजू वर ठेवायची, ती पोखरायची, आत मृताच्या अवशेषांची लाकडी पेटी ठेवायची आणि समोरून रुंद फळी लावायची. म्हणजे खांब वर रुंदच असतो! जी ‘चूक’ मी पुसत बसलो होतो, तीच त्या खांबाची ओळख होती.

एक बरं झालं. आता नुसत्या बाह्यरेषेवरून पहिली चाळणी लागते. वर रुंद आणि माथ्यावर आडवी फळी असेल तर मृताचा खांब. घराच्या दर्शनी भिंतीला चिकटलेला आणि पायथ्याशी लंबगोल भोक असेल तर दारखांब, कारण ते भोक म्हणजेच घराचं दार. हे दारखांब वजन कमी करण्यासाठी मागून पोखरलेले असतात, म्हणून समोरून ऐसपैस आणि बाजूने किडकिडीत दिसतात. एकाच खांबाची दोन फोटोंतली रुंदी जुळवण्याचा माझा उद्योग त्यामुळे निकालात निघाला. त्याऐवजी टोप्या मोजतोय. काही खांबांच्या माथ्यावर उंच टोप्या घातलेले राखणदार बसलेले असतात, बहुतेकदा तिघं. टोपीवर एकावर एक कडी असतात. खांब कितीही कलला तरी कड्यांची संख्या बदलत नाही. या पद्धतीने आतापर्यंत दोन फोटोंतल्या खांबांच्या अकरा जोड्या लागल्या. माझ्या यादीतला ‘घ’ खांब अजून छळतोय, त्याची टोपी नेमकी फोटोच्या काचेच्या प्लेटवरच्या डागाखाली आहे.

रंग भरून बघा, असं गटातल्या दोघांनी सुचवलं होतं. प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग भराभर उमटायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे लाल काळपट येतो आणि निळसर हिरवा फिका. हायडा रंगकामात मुख्य रंग काळा, लाल आणि निळसर हिरवा. म्हणजे फोटोत जे गडद दिसतं ते काळं की लाल, हे कळायला मार्ग नाही. इंटरनेटवर झकपक रंगवलेले जे जुने फोटो फिरतात, त्यांतले रंग कुणीतरी मनाने भरलेले आहेत, एवढं धरून चाला.

दुसरी फजिती नावाची. मी व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीला राहतो, व्हँकुव्हरचं स्टॅन्ली पार्क जवळच आहे. तिथे ‘चीफ स्कीडन्स’चा मृतखांब उभा आहे, बिल रीडने १९६४ साली वर्नर ट्रूच्या मदतीने केलेली प्रतिकृती. खांबावर कोरलेल्या अस्वलाच्या कानांत दोन चिमुकली माणसं आहेत, सरदाराची मुलगी आणि जावई. खांब उभारणारे तेच. मी रविवारी जाऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि डॉसनच्या स्कीडन्समध्ये हा खांब शोधत बसलो. कसा सापडणार? स्कीडन्स हे मुळात सरदाराचं नाव, बाहेरच्यांनी तेच गावाला चिकटवलं. आणि मूळ खांब १८७० च्या सुमारास उभा राहिला तो स्किडेगेट या दुसऱ्याच हायडा गावात! फोटोखालची ओळ वाचताना हे नाव माणसाचं की गावाचं, हे आधी बघत जा.

खांब खालून वर ‘वाचायचा’ प्रयत्नही करू नका. वीरगळ बघायची सवय असलेल्यांना तो मोह हमखास होतो (मला झाला). वीरगळीत खालून वर प्रसंग पुढे सरकतो. इथे बहुतेक आकृत्या त्या घराण्याची कुलचिन्हं असतात आणि ती दाखवण्याचा हक्क त्या घराण्याचा असतो.

म्हणूनच पहिल्या नोंदीत जाहीर केलेलं गावाचं कोरीव खांबांसह लाकडी मॉडेल मी रद्द करतोय. दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो कुणीही वापरावा, पण त्यातलं चिन्ह कोरायचा हक्क मला कुणी दिला? १८६२ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरातून पसरलेल्या देवीच्या साथीने ही गावं रिकामी होत गेली. १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच, म्हणजे खांब उभारतानाचा तो मोठा समारंभ, कायद्याने बंद होता. नंतरच्या काळात इथे फोटो घेणारे डॉक्टर न्यूकम हेच संग्रहालयांसाठी खांब विकत घेऊन पाठवणारेही होते. त्यांचे फोटो मला हवेच आहेत, त्यांच्याशिवाय उरलेल्या जोड्या लागणार नाहीत. तरी त्यात खांबाच्या जागी रिकामी जमीन दिसली की आता पहिली शंका पावसावर घेत नाही.

बेस आणि घरांचे साधे ठोकळे तेवढे करणार. खांबांच्या जागी बिनकोरीव काड्या, प्रत्येकीला माझ्या यादीतलं अक्षर. पुढचं काम भरतीच्या रेषेचं. दोन्ही प्लेटांवर वाळूचा ओला पट्टा दिसतो, त्यावरून त्या एकाच दिवशी घेतल्या का, हे ठरवता येईल का? भरती-ओहोटीचं गणित कुणी केलं असेल तर कळवा.