सायफन मॉडेल, नोंद ४ : भोक, कोपर आणि क्षार

कमोडमधला सायफन, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने मागचं पाणी कसं ओढून नेतं, ते दाखवणारं मॉडेल आधीच्या नोंदींतलंच आहे. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली तळ कापून उलटी टांगलेली, तोंडावर एक इंची पारदर्शक पाइप. हा पाइप नागपूरच्या इतवारी बाजारात मीटरवर मिळतो. चढवताना गरम पाण्यात फक्त पाइप बुडवायचा, बाटलीचं तोंड नाही, ते आक्रसतं. वर क्लिप. पाइप १० सेंमी वर चढून वळतो आणि ३० सेंमी खाली उतरतो.

वळणापर्यंत पाणी भरून ठेवलं आणि १ लिटर ३० सेकंदांत सावकाश ओतलं, तर ते वळणावरून नुसतं ओघळतं, बाटलीतली पातळी जागची हलत नाही. तेच १ लिटर २ सेकंदांत ओतलं की वळणात हवाच उरत नाही, उतरत्या भागातल्या पाण्याचं वजन मागचं पाणी ओढतं आणि बाटली गळ्यापर्यंत रिकामी होते. शेवटी हवा शिरली की ओळखीचं ‘गुडगुड’. म्हणूनच टाकी बिघडली असताना कमोडमध्ये मगाने दहादा पाणी टाकून काही होत नाही, अर्धी बादली एका दमात ओतली की काम होतं.

उतरता पाइप सरळसोट असेल तर सायफन उशिरा पकडतो. मध्ये हलकासा कोपर दिला की पाणी समोरच्या भिंतीवर आपटून पडदा धरतं, हवा कोंडून वाहून जाते. सायफनिक कमोडच्या, म्हणजे याच ओढीवर रिकामा होणाऱ्या कमोडच्या, पोटातही अशीच आडवळणं असतात.

आता भोक. वळणाच्या माथ्यावर ३ मिमीचं छिद्र पाडलं आणि धार तुटली. बोट ठेवलं, पुन्हा ओढ. सांडपाण्याच्या पाइपला हवा देणाऱ्या व्हेंट पाइपचं काम नेमकं हेच, फक्त जागा वेगळी: वरच्या मजल्यावरून पाणी कोसळताना खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला वळणात साठलेलं, पाणी ओढलं जाऊ नये.

एक गोंधळ मात्र मिटवायलाच हवा. एस ट्रॅप म्हणजे सायफनिक कमोड नव्हे. १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने पेटंट घेतलेलं एस वळण मुळात वास अडवण्यासाठी होतं. आपल्याकडचे बरेचसे कमोड वॉशडाउन आहेत. तिथे ओढ नसतेच, पाण्याचा जोर ढकलतो.

बोअरचं जड पाणी असेल तर सायफनिक कमोड आधी आळशी होतो. रिमची (कमोडच्या काठाखालची) भोकं आणि तळाचा जेट, म्हणजे जोराची धार सोडणारं भोक, क्षाराने बुजतात, टाकी भरलेली असूनही पाणी झपाट्याने उतरत नाही. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, टाकीतल्या ओव्हरफ्लो पाइपमधून सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी तारेने भोकं मोकळी करायची. सोबत ब्लीच कदापि नाही. ओव्हरफ्लोत सोडलेली बारीक रिफिल नळी निसटलेली नाही ना, तेही तेव्हाच बघा. ती बाहेर लोंबत असेल तर फ्लशनंतर कमोडमधलं पाणी खालीच राहतं आणि वास येतो.

नागपुरी मे महिन्यात वासाचं दुसरं कारण नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालचा ट्रॅप. त्यातलं पाणी जेमतेम ५० मिमी. घर महिनाभर बंद असेल तर ते उडून जातं. निघण्यापूर्वी तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खायचं तेल.

पुढच्या नोंदीत एकाच उभ्या पाइपवर दोन बाटल्या, आधी व्हेंटशिवाय.