मेथीच्या बावीस पेंड्या

आज सकाळी सहाला कॉलनीच्या ओपन स्पेसमधली मेथी उपटली. बावीस पेंड्या! २०१९ च्या पुरात इथं कमरेएवढं पाणी होतं. कृष्णामाईनं घरातलं बरंच नेलं, मागं गाळ ठेवला. त्याच गाळात आता आमचे वाफे. (वांग्यावर मात्र मावा पडलाय. तीन आठवडे निंबोळी अर्क मारतोय, मावा ठणठणीत.)

ऊन चढलं की मेथी मान टाकते. म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळली आणि स्कूटरवरून थेट दवाखान्यामागच्या धर्मशाळेत. पेशंटचे नातेवाईक तिथं स्वतः रांधून खातात. भाकरी जमते, पण रोज भाजी विकत घेणं परवडत नाही.

जतकडच्या एका आज्जींनी पेंडी उलटी करून बघितली. मला वाटलं, कौतुक होणार.

"मुळासकट का उपटलीसा? वरनं कापायची. परत फुटती की!"

सहा महिने यूट्यूब बघून शेती करणारे आम्ही गप्प. आज्जींनी एकच पेंडी ठेवून घेतली, दुसरी परत दिली. "दोघंच हाय आमी. त्या पलीकडच्या पोरीला द्या, तिचं बाळ आत हाय."

दुसरा वाफा अजून शिल्लक आहे. उद्या विळा घेऊन जाणार.