पाच नंबरची जर्सी

२०१२ च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी सेंट लुईसला आलो, तेव्हा या शहरात बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्सचे नाव काढायची सोय नव्हती. अकरा हंगाम येथल्या कार्डिनल्स संघाकडून खेळून, ४४५ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारून आणि दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिका, जिंकण्यात वाटा उचलून तो आदल्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाकडे निघून गेला होता, दहा वर्षांच्या आणि सुमारे २४ कोटी डॉलरच्या करारावर. ज्यांनी मला बेसबॉल समजावून दिला, त्या आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी त्याची पाच नंबरची जर्सी तळघरातल्या खोक्यात टाकून दिली होती. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो. "पैशासाठी गेला," हे ते ज्या सुरात म्हणत, तो सूर माझ्या चांगलाच ओळखीचा होता. आपल्याकडे पक्ष सोडणाऱ्या आमदाराविषयी पारावर बोलताना तोच लागतो.

मलाही तेव्हा मास्तरांचे म्हणणे पटले होते. पुढे करारांची पद्धत कळत गेली आणि ते पटेनासे झाले. आपल्या आयपीएलसारखा येथे लिलाव नसतो. खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे येथल्या सर्वांत वरच्या पातळीच्या बेसबॉलमध्ये, आला की पहिली सहा वर्षे तो त्याच संघाच्या ताब्यात असतो. त्यातली सुरुवातीची साधारण तीन वर्षे जवळपास किमान पगारावर आणि पुढची लवादाच्या मार्गाने वाढत जाणाऱ्या पगारावर जातात. सहा वर्षे भरली की तो 'फ्री एजंट', म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी करायला मोकळा. मात्र संघात १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात आणि खरी गंमत तेथेच आहे. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट या उमद्या खेळाडूला हंगाम सुरू झाल्यानंतर अशा बेताने बोलावले की त्याचे १७१ दिवस भरले आणि त्याची मोकळीक एका वर्षाने लांबली. त्याने दाद मागितली, पण निकाल विरुद्ध गेला. माझे वडील कारखान्यात होते. बदली कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून त्याला मध्येच 'ब्रेक' कसा देतात, हे त्यांच्याकडून ऐकत मी वाढलो. कोट्यवधी डॉलरच्या खेळात तीच युक्ती भेटेल असे मात्र वाटले नव्हते.

या पद्धतीमुळे खेळाडूची उमेदीची वर्षे संघाला स्वस्तात मिळतात आणि तो मोकळा होतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो. पुहोल्सने २००४ मध्ये सात वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला आणि त्या मुदतीत तीनदा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्या काळात संघाला त्याच्याकडून पैशापेक्षा कितीतरी जास्त मिळाले, पण त्याला कोणी संघाची हाव म्हटले नाही. एकतिसाव्या वर्षी त्याने मागची उधारी वसूल करायची ठरवली, तेव्हा निष्ठेचा प्रश्न निघाला. एंजल्सचा व्यवहार तोट्याचा ठरला हे खरे आहे. तेथे तो पूर्वीचा पुहोल्स कधीच दिसला नाही.

मास्तर अशा वेळी कार्डिनल्सच्या जुन्या खेळाडूचे, स्टॅन म्युझियलचे, उदाहरण देत. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि बावीस हंगाम तो एकाच संघाकडून खेळला. पण त्या काळी 'रिझर्व्ह क्लॉज' नावाच्या कलमाने खेळाडू संघाला कायमचा बांधलेला असे, मग तो जाणार तरी कोठे? (१९४६ मध्ये मेक्सिकन लीगने देऊ केलेला घसघशीत पैसा त्याने नाकारला होता, हे मास्तर आवर्जून सांगतात आणि तेथे मला गप्प बसावे लागते.) एच-वन-बी व्हिसावर असताना मीही एकाच कंपनीत सात वर्षे काढली, कारण ग्रीन कार्डचा अर्ज त्या कंपनीमार्फत होता. शेवटी साहेबांनी निष्ठेबद्दल मला काचेचे स्मृतिचिन्ह दिले. ते मी अजून जपून ठेवले आहे.

ते कलम मोडायला उभा राहिला तो याच संघाचा सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक, कर्ट फ्लड. बारा हंगाम येथे खेळलेल्या फ्लडला ऑक्टोबर १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकण्यात आले. आपल्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हावी अशी आपण मालमत्ता नाही, असे त्याने नाताळच्या आदल्या दिवशी बेसबॉलच्या प्रमुखांना, म्हणजे कमिशनरना, लिहिलेल्या पत्रात बजावले आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते कलम निकालात काढले, तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. ज्या माणसाला सेंट लुईस सोडायचे नव्हते, त्याच्या भांडणापासून पुहोल्सला सेंट लुईस सोडण्याचा हक्क मिळाला. मालकांनी तर अख्खे संघच येथून हलवले. ब्राउन्स हा बेसबॉल संघ १९५३ नंतर बाल्टिमोरला गेला, कार्डिनल्स याच नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९८८ मध्ये ॲरिझोनाला आणि त्याच खेळातला रॅम्स २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला.

२१ जून २०१९ रोजी पुहोल्स एंजल्सच्या जर्सीत प्रथमच कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमवर खेळायला आला. तो फलंदाजीला येताच सारे प्रेक्षक उभे राहिले. त्याचा जुना दोस्त, कार्डिनल्सचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) यादिएर मोलिना, टाळ्या पुऱ्या वाजू द्याव्यात म्हणून जागा सोडून पुढे गेला आणि मग दोघांनी मिठी मारली. मास्तर मांडीवर स्कोअरबुक घेऊन थोडा वेळ बसूनच राहिले. मग उठले, तेव्हा पेन्सिल पायऱ्यांवरून खाली गडगडत गेली. उरलेला सामना त्यांनी माझ्या बॉलपेनाने लिहिला.

परतताना गाडीत मी त्यांना विचारले की फ्लडला दिले, त्या वेळी शहरात काय वाटले होते. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते.

"आम्ही फ्लडवरच चिडलो होतो," ते म्हणाले. "वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळतात, वर आणि तक्रार कसली करतो, असं माझे वडील म्हणायचे. मीही तेच म्हणायचो."