चार लांब काड्या

सहामाही परीक्षा संपली की आमच्या शाळेत तीन दिवस आकाशकंदिलाचे असतात. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभागृहात प्रदर्शन. मी पुण्यातल्या या शाळेत २२ वर्षं कार्यानुभव शिकवते. गेल्या वर्षीच्या कंदिलांमधला एक अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही जो कंदील करतो त्याला सारख्या लांबीच्या २४ काड्या लागतात. चार काड्यांचा एक, असे सहा चौकोन. त्यातले चार टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल फिरवायचे आणि वर एक, खाली एक चौकोन बसवायचा. मग मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कुणी करावे लागत नाहीत. मुलांना हे दिसतं तो क्षण मला दर वर्षी बघायचा असतो. अशा १२ गाठी, आणि एकेका गाठीत चार काड्या. त्यातली एक जरी पाव इंच आखूड पडली तरी सगळा कंदील एका खांद्याने झुकतो.

वर्गात ४२ मुलं, म्हणजे १,००८ काड्या. बुरूड आळीतून बांबू आणायचा, कामट्या काढून घ्यायच्या, नऊ-नऊ इंचांवर तोडायच्या आणि पॉलिश पेपरने घासायच्या. नाही घासल्या तर दिवसभर कुसळं काढत बसावं लागतं. गाठीला साखळी दोरा, वरून खळीचं बोट. रबरबँड मी चालू देत नाही, बल्बच्या उष्णतेने तो आठ दिवसांत तुटतो. खळ मैद्याची, रोज सकाळी ताजी, चिमूटभर तुरटी घालून. मोरचूद घातलं तर ती टिकते, पण ते विषारी, मुलांच्या हातात द्यायचं नाही. फेव्हिकॉलने पतंगी कागदाला सुरकुत्या पडतात. खळीवर तोच कागद वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. बाजारात पुठ्ठ्याचे तयार भाग मिळतात, घड्या घालून खाचेत खाच अडकवायची की झाला कंदील. शाळेने दोनदा सुचवलं, मी दोनदा नाही म्हटलं. त्यातून मुलाच्या हाताला काहीच कळत नाही.

तर दुसरा दिवस. परतीचा पाऊस पडून गेलेला, हवा दमट, खळ वाळायला तयार नाही. संध्याकाळी मुलं गेली आणि मी एकेक कंदील तपासत होते. सहावीतल्या एका मुलाचा अर्धाच होता. समोर एक चौकोन टोकावर उभा, त्याच्या कोपऱ्यांतून मागे गेलेल्या आठ काड्या, आणि मागे सांगाडा चार लांब काड्यांवर टेकवलेला. त्या लांब काड्या माझ्या दिलेल्यांपैकी नव्हत्या, टाकाऊ ढिगातून उचललेल्या होत्या. कागद फक्त समोरच्या चौकोनाला आणि चार त्रिकोणांना लावलेला. उरलेल्या १२ काड्या दोऱ्याने नीट बांधून शेजारी ठेवल्या होत्या.

मला वाटलं, पोराला वेळ पुरला नाही. लांब काड्या म्हणजे तात्पुरता टेकू असणार. उद्या सगळ्यांचे पूर्ण कंदील लागलेले आणि याचा अर्धा, हे मला बघवलं नसतं. त्यातच एक सहकारी बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "करून टाका हो तुम्हीच, पाहुण्यांसमोर बरं दिसेल." त्यांच्या वर्गातलं अर्धं काम त्या स्वतःच करतात आणि खाली मुलांची नावं लिहितात, हे मला कधीच पटलेलं नाही. तरी त्या संध्याकाळी मी तेच केलं. लांब काड्या सोडल्या, बांधून ठेवलेल्या बारा लावल्या, कागद चिकटवला. किल्ल्या घेऊन थांबलेल्या शिपाईमामांनीही झिरमिळ्या कातरायला हात लावला. लांब काड्यांचे बोट-बोट तुकडे करून झिरमिळ्यांच्या टोकांना वजन म्हणून बांधले. साडेसातला कंदील तारेवर लावला. एकही कोपरा झुकलेला नव्हता. मला फार बरं वाटलं, हे खरं आहे.

सकाळी साडेआठला तो आला. हातात कागदाचा गुंडाळा, घरून आणलेला, बाकीच्या बाजूंना लावायला. त्याने तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग परत पाहिली. मी कौतुकाने त्याचा कंदील दाखवला. तो रडला नाही, चिडलाही नाही. कंदिलाखाली उभा राहून त्याने विचारलं,

"बाई, त्या चार लांब काड्या कुठायत?"

मी झिरमिळ्यांकडे बोट केलं.

"मग आता हा भिंतीला बसणार नाही."

त्याचं घर वस्तीतल्या बोळात आहे. बोळातून एका वेळी एकच सायकल जाते. आदल्या वर्षी त्यांनी विकतचा गोल कंदील लावला होता, तो वसुबारसेच्या संध्याकाळीच सायकलच्या हँडलने फाडला. म्हणून याला पाठीमागून सपाट कंदील हवा होता, भिंतीला चिकटून राहील असा. पाठीला कागद नको होता, कारण होल्डर तिथूनच आत जाणार आणि चुन्याची भिंत उजेड पुढे फेकणार. अख्खा कंदील भिंतीपासून पावणेतेरा इंच पुढे येतो, याचा सव्वासहा-साडेसहा इंचच आला असता. उरलेल्या १२ काड्या मला परत करायच्या म्हणून त्याने बांधून ठेवल्या होत्या.

लांब काड्यांचं माप कसं घेतलंस, म्हणून विचारलं. "चौकोनाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काडी ठेवली आणि तोडली." नऊ इंचांच्या चौकोनाचा कर्ण पावणेतेरा इंचांच्या आसपासच भरतो. मी नंतर आमच्या गणिताच्या सरांना कागदावर आकृती काढून दाखवली. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पायथागोरसचं प्रमेय सहावीला नसतंच.

आता मला आठवतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला होता. "बाई, याला मागनं कागद नकोय," असं काहीतरी म्हणाला होता. मी एका मुलीच्या बोटातलं कुसळ सुईने काढत होते. मान वर न करता "बरं, उद्या बघू" म्हटलं. २२ वर्षं मी काड्यांची लांबी सांगते, गाठ सांगते, खळ किती पातळ हवी ते सांगते. तुमच्या घरी हा कुठे लागणार आहे, हे मी एकाही मुलाला विचारलेलं नाही. बाल्कनी असते, खिडकी असते, हुक असतो, असं धरूनच मी चालत होते.

त्या सकाळी दुरुस्त करायला हाताशी काही नव्हतं. भांडारात सगळ्या काड्या नऊ इंचांच्या, पाहुणे यायला तास राहिलेला. तुला उद्या नवा बांधून देते म्हटलं, तर "उद्यापासून सुट्टी आहे ना बाई," म्हणाला. प्रदर्शनात पाहुण्यांनी नेमका त्याच कंदिलापुढे उभं राहून फोटो काढला आणि "किती सफाईदार काम," असं म्हटलं. मुख्याध्यापिका खूश झाल्या. तो मागे आपल्या रांगेत उभा होता. ते माझं काम आहे, त्याचं नाही, हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावून घेतलं. कंदील लावलास का?

"लावला. ब्लेडने मधोमध कापला."

आणि लांब काड्या?

"नाही घातल्या. भिंतीलाच चार खिळे मारले, चार टोकं त्यांना बांधली."

खरंच, चारही टोकं भिंतीने धरल्यावर मागे काड्यांचं कामच उरत नाही. हे मला सुचलं नसतं. दुसरा अर्धा भाग काय केलास, विचारलं. तो समोरच्या घरी द्यायचा होता म्हणाला, पण कापताना फाटला.

"खळ जास्त लागली होती बाई त्याला," तो म्हणाला, "तुम्ही लावलेली."