तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री स्टेशनात माणूस हवाच कशाला?

मी स्टेशन मास्तर होतो हे कळलं की लोक दोन मिनिटांत इथेच येतात. "आता तिकीट मोबाइलवर निघतं, सिग्नल बटणावर पडतात, मग रात्रभर स्टेशनात माणूस कशाला बसवायचा?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, पुतण्या तर दर दिवाळीला विचारतो. "तशीही तुम्ही झोपच काढत असाल" हे काही जण बोलतात, काही जण बोलत नाहीत इतकंच. वर्षानुवर्षं मी विषय बदलत आलो. आता एकदा नीट सांगतो.

आधी झोपेचं. एकेरी लाइनवर शेजारच्या स्टेशनाची घंटी वाजली की लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, द्यायची, तिची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर सांगायचा, रजिस्टरात मांडायचा, पॅनलवर, म्हणजे सिग्नलच्या बटणांच्या फळीवर, गाडीचा रूट लावायचा आणि हातात दिवा घेऊन बाहेर उभं राहायचं. समोरून गाडी धडधडत जाताना चाकातून ठिणग्या उडतात का, ब्रेक चिकटल्याचा करपट वास येतो का, खाली काही लोंबतंय का, हे सगळं त्या काही सेकंदांत बघायचं. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मधे तुटली नाही. मग पुढची गाडी. ज्यांना ही झोप वाटते त्यांनी एक रात्र काढून बघावी.

पण खरं सांगायचं तर यातलं बरंचसं आता यंत्र करतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं करतं. रुळाला बसवलेला ॲक्सल काउंटर आत गेलेली आणि बाहेर पडलेली चाकं मोजतो, त्याला पहाटेची पेंग येत नाही. गाडीसाठी माणूस लागतो का, यावर मी तुमच्याशी फार भांडणार नाही. माझं भांडण गाडीतून उतरणाऱ्यांसाठी आहे.

मराठवाड्यातलं एक स्टेशन, नाव सांगत नाही. प्लॅटफॉर्म रुळाच्या पातळीचा आणि आखूड, त्यामुळे मागचे डबे बाहेर खडीवरच थांबायचे. रात्री तिकीट देणारा बुकिंग क्लार्क नसायचा. मी आणि सांधे बघणारा एक पॉइंट्समन, एवढीच माणसं. पावसाळ्यातल्या एका रात्री पॅसेंजर लूपवर, म्हणजे बाजूच्या लाइनवर आली, दोन मिनिटं थांबली, गेली. मागून मेल येत होती, तिला मी लाइन क्लिअर देऊन बसलो होतो. पॅसेंजर पुढच्या स्टेशनात पोचल्याचं कळेपर्यंत मेलला पुढे सोडता येत नव्हतं. गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन कानाला, एक हात रजिस्टरवर, आणि बाहेरून हाक आली. पावसात नीट ऐकू येईना. मी खिडकीतून ओरडून पॉइंट्समनला त्या बाजूला पिटाळलं. स्वतः उठता येत नव्हतं. लाइन क्लिअर दिलेली असताना पॅनल सोडून जायचं नसतं, आणि तो नियम योग्यच आहे, आजही म्हणेन.

तो पळत परत आला. "साहेब, एक मावशी पडल्यात. दोन लायनींच्या मधे." शेवटच्या डब्यातून अंधारात उलट्या बाजूला उतरल्या होत्या. पाय मोडला होता, हलता येत नव्हतं, आणि मेल त्यांच्या शेजारूनच जाणार होती.

स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल लालच ठेवला. कंट्रोलला सांगितलं, गाडी आत घेत नाही. तिकडून आवाज चढला. मी पॅनलची चावी काढून खिशात टाकली, म्हणजे पॅनल बंद, कुणालाच काही हलवता येणार नाही. स्ट्रेचर घेऊन आम्ही दोघं निघालो. ओल्या खडीवर पाय सरकत होते. मावशी भिजून थरथरत होत्या, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. उचलताना त्या मला म्हणाल्या, "कवाची हाका मारतेय. तुमचा दिवा तर दिसत होता."

त्यांना आत आणलं, १०८ला फोन केला, तालुक्याहून गाडी आली, त्या गेल्या. काही दिवसांनी माझ्याकडे खुलासा मागितला गेला: मेल होम सिग्नलला इतका वेळ का उभी राहिली? मी लिहून दिलं. पुढे मला काही त्रास झाला नाही. पण खुलासा मागवणाऱ्या त्या कागदात मावशींबद्दल एक ओळ नव्हती.

पुतण्या हे ऐकून म्हणाला, "काका, पण स्टेशनात माणूस होता ना? तरी त्या पावसात पडूनच राहिल्या." हे मला लागलं, कारण ते बरोबर होतं. मी गाडीसाठी होतो. प्रवाशासाठी त्या स्टेशनात कुणीच नव्हतं, आणि हा फरक बाहेरून दिसत नाही.

आता माझंच एक जुनं बोलणं. तिथली रात्रीची तिकीट खिडकी बंद करायचं ठरलं तेव्हा मीही मान डोलावली होती. रात्री मोजकी तिकिटं खपायची, क्लार्क टेबलावर डोकं टेकून बसलेला असायचा. रेल्वेत ड्युटीचा निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ रिकामा जात असेल तर ते काम एसेन्शियली इंटरमिटंट, म्हणजे मधूनमधून करायचं, धरतात आणि बारा तासांची ड्युटी लावतात. म्हणजे रिकामा वेळ मोजायची पद्धत आमच्याकडे रुजलेलीच आहे. त्या हिशेबानं खिडकी बंद करणं चूक नव्हतं, आजही मी तो हिशेब खोडून काढू शकत नाही. फक्त त्या रात्री तो रिकामा बसलेला क्लार्क असता, तर पहिल्याच हाकेला बाहेर पडला असता.

कॅमेरे लावा, रेल्वेचा मदतीचा १३९ नंबर आहे, मदतीचं बटण बसवा, असं सांगतात. लावा की. पण खडीवर पडलेल्या माणसाला बटणापर्यंत कोण नेणार? कॅमेऱ्यात विभागाच्या ठिकाणी कुणाला दिसलंच, तर तिथून निघून पोचणार कधी?

पुतण्याचा हिशेबही खोटा नाही. एक जागा चोवीस तास भरायची तर तीन माणसं, वर त्यांच्या सुट्टीला बदली येणारा रेस्ट गिव्हर. रात्री दोन गाड्या थांबणाऱ्या स्टेशनाला हे परवडणार कसं? मी म्हणतो, हॉल्टवर, म्हणजे अगदी छोट्या थांब्यावर, कमिशनवर तिकीट विकणारा एजंट असतो, तसा गावातलाच कुणी गाडीच्या वेळेपुरता बॅटरी घेऊन उभा राहू दे. तो म्हणतो, त्या पैशांत पावसात कोण उभं राहील? यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

पण रेल्वे कायदा, १९८९ याचं कलम १३९ मी त्याला दाखवलं. सोबत पुरुष नसलेल्या बाईला तिकीट नाही म्हणून गाडीतून उतरवायचं, तर ती बसली त्या स्टेशनात, किंवा जंक्शन, टर्मिनस वा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही फक्त दिवसा. विनातिकीट बाईलासुद्धा रात्री आडवाटेच्या स्टेशनात सोडू नये, एवढं कायद्याला कळतं. मग तिकीट काढून रीतसर उतरणाऱ्या बाईसाठी तिथे कुणी नको? तो म्हणाला, कायद्यात घाला, पण पगार कुणाच्या खिशातून? त्या दिवाळीला आमचं तिथेच अडलं, अजून तिथेच आहे.