अर्ध्या वाक्यात कळणारी माणसं

आज संध्याकाळी झूमवर आमच्या नैराश्य आधार गटाची बैठक झाली. लातूरकडच्या एक ताई गच्चीवरून बोलत होत्या, कॅमेरा बंद ठेवून, कारण त्यांच्या गोळ्यांचं सासरी कुणालाच माहीत नाही. म्हणाल्या, "सकाळी दात घासायलाही उठवत नाही हो." कुणी 'मन रमवा', 'देवाचं नाव घ्या' असलं काही सुचवलं नाही. एका काकांनी एवढंच विचारलं, "आज जेवलात का?" ताईंना रडू फुटलं. त्या सावरेपर्यंत सगळे थांबलो.

माझ्या घरचे माझ्यावर जीव टाकतात. पण गोळ्यांनी येणारी जड झोप, ऑफिसात ओढूनताणून आणलेलं हसू, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. इथे अर्ध्या वाक्यात कळतं.

गट पारखायची माझी एक खूण आहे: "औषधं सोडून द्या" म्हणणाऱ्याला तिथे थांबवतात का? आमच्याकडे लगेच थांबवतात. डोसचं डॉक्टरांशीच बोलायचं आणि इथलं बाहेर न्यायचं नाही, हे नियम पक्के.

स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावर काम करणाऱ्या, पुण्यात १९९७ साली सुरू झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननेही रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी असे स्वमदत गट चालवलेत. अशी कामं गावोगावी पोचायला हवीत, अगदी मनापासून वाटतं.

जीव नकोसा झाला असेल, तर मात्र बैठकीची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर २४ तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गटात यायचं असेल तर मला इनबॉक्स करा. संयोजकांना विचारून लिंक पाठवते.